पहिल्याच गूम्बाला मारिओ पुन्हा पुन्हा मरतो: दोष हाताचा, रिमोटचा की टीव्हीचा?

लक्षण असं. जुना कॅसेटचा टीव्ही गेम माळ्यावरून काढला, नव्या एलईडी टीव्हीला जोडला, चित्र आलं, ते ओळखीचं संगीत वाजलं, मारिओ पळायला लागला. आणि १-१ मधला, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या पहिल्या स्टेजमधला, अगदी पहिला शत्रू, ज्याला शाळेत असताना आपण जेवता जेवता चिरडायचो, त्याच्यावर जाऊन मेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. बटण तर दाबलेलं असतं, पण मारिओ हवेत जायच्या आत तो येऊन धडकलेला असतो. चारात एकदा जमतं, वाटतं झालं नीट, आणि पुढच्या जोडीला परत तेच.

आमच्याकडे हे दिवाळीच्या सुट्टीत झालं. पंचवटीतला जुना वाडा रिकामा करताना ट्रंकेत माझा गेम सापडला, दोन रिमोट, पिवळ्या रंगाच्या तीन कॅसेट आणि बदकं मारायची बंदूक. तो सगळा संसार सिडकोतल्या घरी आणला. भाची सई दहा वर्षांची आहे, मोबाईलवरच्या गेममध्ये तिने मला कधीही जिंकू दिलेलं नाही. तिने दोन मिनिटांत तिन्ही जीव घालवले आणि म्हणाली, "मामा, मी वेळेवर दाबलं होतं. हा ऐकतच नाही." मी मोठ्या माणसाच्या थाटात म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं." रिमोट घेतला. मीही तिथेच मेलो. स्वयंपाकघरातून ताई हसल्याचा आवाज आला.

तर अंगण खरंच वाकडं होतं. ते किती वाकडं आहे हे घरच्या घरी कसं मोजायचं आणि सरळ कसं करायचं ते खाली लिहितो. मला यात आठवडा गेला, कारण मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली आणि आधी कॅसेटच घासत बसलो.

आधी या प्राण्याबद्दल, कारण पुढची सगळी मोजणी त्याच्यावरच आहे. त्याचं नाव गूम्बा. जपानीत त्याला कुरिबो म्हणतात, आणि 'कुरी' म्हणजे चेस्टनटचं फळ. वाड्यात आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही त्याला सुपारी म्हणायचो. तपकिरी, बुटकी, वरून निमुळती, कपाळावर रागीट भुवया. मारिओ वर पडला की ती सपाट व्हायची आणि बघणारी पोरं एका सुरात "फुटली!" म्हणून ओरडायची. जपान्यांनाही तो कवचातलं फळच वाटला होता हे फार उशिरा कळलं, आणि उगाचच बरं वाटलं. पुढे मी सुपारीच म्हणणार आहे.

सुपर मारिओ ब्रदर्स जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ ला आला. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या या गेममध्ये सुपारी अगदी शेवटी शेवटी घातली गेली. त्याआधी कासवं होती, पण आधी चिरडा, मग कवचाला लाथ घाला, मग परत येणाऱ्या कवचापासून वाचा, हे नवख्याला पहिल्याच झटक्यात जड जात होतं. म्हणून एक सोपा शत्रू हवा होता. तोवर कॅसेटमधली जागा संपत आलेली. सगळा गेम मिळून ४० किलोबाइट, म्हणजे आज सकाळी येणारा 'शुभ सकाळ'चा फुलांचा फोटोसुद्धा त्यापेक्षा मोठा असतो. म्हणून सुपारीच्या चालण्याचं चित्र एकच आहे. तेच आरशात धरल्यासारखं डावं-उजवं उलटत राहतं आणि आपल्याला वाटतं ती पाय टाकतेय.

या गरिबीचा आपल्याला फायदा होतो. सुपारीला डोकं नाही. ती कड आली तरी वळत नाही, सरळ खड्ड्यात जाते. पाइपाला किंवा दुसऱ्या सुपारीला आपटली तरच फिरते. मारिओला बघून वेग वाढवत नाही, थांबत नाही, उडी मारत नाही. पडद्यावर ती १६ ठिपके (पिक्सेल) रुंद आहे आणि दर चित्राला (गेम सेकंदाला पन्नासेक वेळा पडदा नव्याने काढतो, त्यातलं एक) अर्धा ठिपका सरकते. तीस वर्षांपूर्वी तेवढीच सरकायची, आजही तेवढीच. गोदेला पाणी किती चढलं हे नाशिककर आकड्यात सांगत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, असं सांगतो, कारण मारुती जागचा हलत नाही. घरातल्या टीव्हीचा उशीर मोजायला सुपारी तशी आहे.

आणखी एक नियम पाठ करून ठेवा, अर्धी भांडणं त्यानेच मिटतील. मारिओ आणि सुपारी एकमेकांना लागले की गेम एकच गोष्ट बघतो: त्या क्षणी मारिओ खाली येत होता का? येत असेल तर सुपारी फुटते आणि १०० गुण. वर जात असेल किंवा जमिनीवर असेल तर मारिओचा खेळ संपतो, मोठा असेल तर लहान होतो. म्हणजे उडी 'मारली होती' याला किंमत नाही. उडीचा वरचा भाग संपून तो खाली यायला लागलेला असला पाहिजे. "मी तर त्याच्या डोक्यावर होते!" या सईच्या तक्रारीचं उत्तर हेच, ती डोक्यावर होती पण चढत्या पायावर. शिवाय ही तपासणी दर चित्राला होत नाही, एकाआड एक चित्राला होते. त्यामुळे क्वचित दोघं एकमेकांत थोडे घुसल्यासारखे दिसतात आणि मग निकाल लागतो. त्यात टीव्हीचा दोष नाही, गेम तसाच आहे.

आता तपासणी.

पहिली परीक्षा उभ्याने. मारिओला थोडं पुढे न्या, सुपारी पडद्यात आली की थांबा. हलू नका. तिला येऊ द्या. ती साधारण दीड सुपारीच्या अंतरावर आली की जागच्या जागी उडी मारा आणि बटण दाबून धरा. पूर्ण उडीत मारिओ वर जाऊन परत येईपर्यंत सुपारी तेवढंच अंतर चालते आणि तो नेमका तिच्यावर उतरतो. दहा वेळा करून बघा. मग तेच पळत पळत करा, बी बटण दाबून.

उभ्याने जमतंय पण पळताना मरताय, तर संशय टीव्हीवर. उभ्यानेही मरताय, तर टीव्हीला दोष देण्याआधी रिमोट बघा. कारण साधं आहे: उभं असताना दोघांतलं अंतर फक्त सुपारीच्या वेगाने कमी होतं, दर चित्राला अर्धा ठिपका. पळताना मारिओचे अडीच ठिपके त्यात मिळतात, म्हणजे तीन. उशीर तेवढाच असला तरी पळताना त्याची शिक्षा सहापट. चालताना मारिओचा वेग दीड ठिपका, म्हणून चालणारा माणूस मधल्या मध्ये लटकतो, कधी वाचतो कधी मरतो, आणि 'चारात एकदा जमतं' हे लक्षण तिथूनच येतं.

दुसरी परीक्षा रिमोटची, आणि ही बहुतेक जण विसरतात. पहिल्या सुपारीच्या जवळच हवेत प्रश्नचिन्हाचा ठोकळा आहे. त्याच्याखाली उभे राहा, ए बटण दाबून धरा. मारिओचं डोकं ठोकळ्याला लागायलाच हवं. लागत नसेल, उडी अर्धवट राहत असेल, तर दोनपैकी एक गोष्ट आहे.

एक म्हणजे तुम्ही चुकीचं बटण दाबताय. आपल्याकडच्या नकली रिमोटवर दोनाऐवजी चार बटणं असायची. खालची दोन साधी ए आणि बी, वरची दोन टर्बो. टर्बो बटण धरून ठेवलं तरी ते स्वतःच भराभर दाब-सोड, दाब-सोड करत राहतं. गोळ्या मारायच्या गेमला झकास. मारिओत मात्र उडीची उंची बटण किती वेळ धरलं यावर ठरते, बटण सुटलं की तो लगेच जड होऊन खाली येतो. म्हणून टर्बोवर मारिओ बेडकासारखा ठेंगण्या उड्या मारतो आणि सुपारीच्या पुढ्यात उतरतो. सई पहिला दिवसभर टर्बोच दाबत होती. वरचं बटण मोठं आणि लाल होतं, दहा वर्षांचं पोर दुसरं काय दाबणार? मी टर्बोवर कागदी चिकटपट्टी लावली. तिचे अर्धे मृत्यू तिथेच थांबले.

दुसरं म्हणजे बटणाखालचं रबर गेलंय. रिमोट मागून उघडा, चार-पाच बारीक स्क्रू असतात. आत हिरवी पट्टी आणि वर रबराचा पातळ पत्रा, त्याच्या प्रत्येक घुमटाच्या पोटात काळी कार्बनची टिकली. तीच खालच्या पट्ट्यांना टेकून वीज पोचवते. पट्टीवर वर्षानुवर्षांचा घामाचा आणि फराळाच्या तुपाचा थर असतो, आमच्या रिमोटवर शेव सापडली. कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्टी पुसा, टिकल्या हलक्या हाताने कोरड्या कापडाने. टिकलीला काही घासू नका, तो थर निघाला की रबर टाकूनच द्यावं लागतं. दुसऱ्या रिमोटमधलं स्टार्टचं रबर क्वचित वापरलेलं असतं, पण आकार वेगळा असतो, त्यामुळे त्या जुगाडाच्या नादी लागू नका. मी लागलो होतो.

कॅसेटबद्दल दोन वाक्यं. चित्र येतंय, अक्षरं फुटत नाहीत, गेम मध्येच अडकत नाही, तर कॅसेटचा सुपारीशी काही संबंध नाही, ती घासू नका. आणि फुंकू तर अजिबात नका. फुंकरीने चालायची असं आपल्याला वाटायचं ते काढून परत बसवल्यामुळे, तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांना गंजवण्यापलीकडे काही करत नाही.

रिमोट ठीक, ठोकळ्याला डोकं लागतंय, उभ्याने सुपारी फुटतेय, आणि पळताना मरणं चालूच. आता टीव्ही.

जुन्या डब्यासारख्या टीव्हीत साठवण नव्हती. गेममधून सिग्नल आला की नळीतला किरण त्याच क्षणी ती रेघ काचेवर ओढायचा. नवा टीव्ही तसं करत नाही. तो आधी सिग्नलचे आकडे करतो, अख्खं चित्र साठवतो, मोठं करतो, रंग सुधारतो, कडा तासतो, हालचाल मऊ करतो आणि मग दाखवतो. सिनेमाला हे चालतं, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवता येतो आणि आपण काही दाबत नसतो. गेमला चालत नाही.

जुन्या गेमला त्याहून जास्त त्रास. या गेमचं चित्र सलग असतं, पण बरेच नवे टीव्ही त्याला केबलच्या जुन्या प्रक्षेपणासारखं, सम-विषम रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांचं समजतात आणि दोन अर्धी जोडायला आणखी थांबतात. तुमचा टीव्ही हे करतोय का, ते ओळखायची खूण: मोठ्या मारिओला मुद्दाम सुपारी लागू द्या. तो लहान होऊन लुकलुकतो. लुकलुकण्याऐवजी तो कंगव्यासारखा चिरलेला दिसला किंवा काही वेळ पूर्ण गायबच झाला, तर समजा टीव्ही जोडाजोड करतोय. (ती बदकांची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही ती याच जातीच्या कारणाने. तिला किरण त्याच क्षणी हवा असतो. ती बिघडलेली नाही, टाकून देऊ नका.)

उशीर मोजायला मोबाईल पुरतो. बऱ्याच फोनमध्ये स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेता येतात. फोन स्टँडवर किंवा डब्याला टेकवून असा ठेवा की रिमोटचं ए बटण आणि टीव्हीतला मारिओ दोन्ही एकाच चौकटीत येतील. ए दाबा, दहा-बारा वेळा. मग व्हिडिओ एक एक चित्र पुढे सरकवत मोजा: अंगठ्याने बटण पूर्ण खाली गेलं तिथपासून मारिओचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत किती चित्रं गेली. एक चित्र म्हणजे सव्वाचार मिलिसेकंदांहून किंचित कमी.

आमच्या एलईडीवर सरासरी ३४ चित्रं आली. शेजारच्या काकांकडे एकवीस इंची जुना टीव्ही आहे, देव्हाऱ्याखाली, वर क्रोशाचं झाकण. काकू झाकण काढायला तयार नव्हत्या, सईने मनवलं. तिथे ७ चित्रं. ही ७ कन्सोलची, म्हणजे गेमच्या मशीनची, स्वतःची आहेत असं धरायला हरकत नाही, बटण वाचून मारिओला हलवायला गेमलाही त्याच्या स्वतःच्या एक-दोन चित्रांचा वेळ लागतोच. उरली २७, म्हणजे साधारण ११२ मिलिसेकंद. हा नव्या टीव्हीचा उशीर.

आता तो सुपारीत मोजू. आपल्याकडची बहुतेक जुनी मशीनं पाल पद्धतीची, भिंतीवरची नव्हे, टीव्हीच्या सिग्नलची. ती सेकंदाला ५० चित्रं काढतात. ११२ मिलिसेकंदांत साडेपाच चित्रं होतात. पळताना अंतर दर चित्राला तीन ठिपक्यांनी कमी होतं. साडेपाच गुणिले तीन, साडेसोळा ठिपके. सुपारी किती रुंद? १६. म्हणजे सईला जिथे सुपारी दिसत होती त्यापेक्षा ती एक अख्खी सुपारी पुढे येऊन उभी होती. पोरगी वेळेवरच दाबत होती. मी तिची माफी मागितली, तिने ती शेंगदाण्याच्या चिक्कीवर तडजोड करून स्वीकारली.

उपाय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर मोड असतो, त्यात 'गेम' निवडा. यात एक मेख आहे, आणि माझे दोन दिवस त्यात गेले. बऱ्याच टीव्हींत हा मोड प्रत्येक जोडणीसाठी वेगळा लक्षात ठेवला जातो. तुम्ही सेट टॉप बॉक्सवर असताना गेम मोड लावला तर तो सेट टॉप बॉक्सलाच लागतो. आधी गेम ज्या सॉकेटवर आहे तिथे या, मारिओ पडद्यावर दिसू दे, आणि मग मेनू उघडा. काही टीव्हींत एव्हीवर, म्हणजे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या जोडणीवर, गेम मोड दिसतच नाही. मग हाताने एक एक सुधारणा बंद करा: हालचाल मऊ करणारी, नॉइज कमी करणारी, कडा धारदार करणारी, आपोआप कॉन्ट्रास्ट बदलणारी. प्रत्येक कंपनी याला वेगळं भपकेदार नाव देते. नाव कळलं नाही तर बंद करून बघा, चित्र थोडं रखरखीत झालं की योग्य जागी हात लागला.

आमच्याकडे गेम मोडनंतर ३४ चे १४ झाले. कन्सोलचे ७ वजा जाता ७, म्हणजे २९ मिलिसेकंद, गेमचं दीड चित्र, साडेचार ठिपके. पाव सुपारीपेक्षा थोडं जास्त. पाव सुपारी हात आपोआप भरून काढतो, दहा मिनिटांत.

वाटेत भेटणाऱ्या दोन-तीन गोष्टी. बऱ्याच नव्या टीव्हींना तीन रंगी भोकं नसतात, एकच बारीक गोल भोक असतं. त्यासाठीची वायर एम. जी. रोडवर सहज मिळते, पण आतल्या तारांचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो. पडदा काळा आणि स्पीकरमधून घरघर, असं झालं तर वायर खराब नाही, चित्राची तार आवाजाच्या जागी गेली आहे. पिवळी पिन काढून लाल किंवा पांढऱ्यात घालून बघा, मला तिसऱ्या फेरीत चित्र मिळालं. चित्र आलं पण काळं-पांढरं, तर कलर सिस्टिम 'ऑटो'वरून काढून पाल करा. आणि दुकानदार एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी गळ्यात मारेल. टीव्हीला एव्ही अजिबात नसेल तरच घ्या. ती स्वतः चित्र साठवून मोठं करते, म्हणजे उशिरात उशीर. माझ्या मापात तिने आणखी ९ चित्रं वाढवली, गेम मोड लावूनसुद्धा. ॲडॉप्टर मात्र जुनाच वापरा. नवा घ्यावाच लागला तर व्होल्टेजबरोबर पिनेतली आतली-बाहेरची बाजू तपासून घ्या, ती उलटी पडली तर मशीन जाईल आणि मग सुपारी जिंकली.

गेम मोडही नाही आणि बंद करण्यासारखंही काही नाही, तर जुना टीव्ही शोधा. भंगारवाल्यांकडे आणि नातेवाइकांच्या गॅलरीत ते अजून पडलेले आहेत, लोक उचलून न्या म्हणून पैसे मागत नाहीत. फक्त तो स्वतः उघडू नका. बंद करून ठेवल्यावरही नळीत जीवघेणी वीज राहू शकते. दुरुस्ती माहितगाराकडूनच.

एक वेगळी तक्रार माझ्या मावसभावाची, तो देवळाली कॅम्पला राहतो. त्याच्याकडे जुनं मशीन नाही, शेकडो गेम भरलेली नवी एचडीएमआयची कांडी आहे. गेम मोड लावला, उशीर नाही, तरी म्हणतो, "सुपारी अंगावर धावून येते." बरोबर आहे त्याचं. ही कांडी सेकंदाला ६० चित्रं काढते. आपण लहानपणी जपानी-अमेरिकी गेमच्या नकला ५० च्या मशीनवर खेळलो. म्हणजे आपला मारिओ, आपली सुपारी, आपलं संगीत, सगळं मुळापेक्षा संथ होतं. ६० वर तोच गेम पाचव्या हिश्शाने जास्त वेगात पळतो. त्याची सुपारी खरी आहे, आपलीच म्हातारी होती. यावर सेटिंग नाही, सवयच. त्या कांडीबरोबरचे बिनवायरी रिमोट मात्र तपासा, त्यांचा उशीर वेगळा असतो. स्लो मोशनची तीच युक्ती तिथेही चालते.

एवढं करून पहिली सुपारी ओलांडली की पुढची अडचण हाताची असते. तिसऱ्या आणि चौथ्या पाइपामधल्या जोडीला सगळे घाईने मरतात. तिथे पाइपावर उभं राहून दोघी तुमच्याकडे येईपर्यंत थांबा आणि पुढचीवर उतरा. त्यापुढे वरच्या विटांवरून दोन सुपाऱ्या खाली पडतात. त्यांच्या खाली धावू नका, त्यांना पडू द्या. वीट डोक्यावर असताना उडी मारली तर डोकं आपटून मारिओ लवकर खाली येतो, त्यामुळे तिथे पूर्ण उडीचा हिशोब लागू होत नाही. आणि सुपारी विटेवर चालत असेल तर खालून विटेला धक्का द्या, ती उलटी होऊन पडते. चढत्या मारिओने सुपारी मारायचा हा एक मार्ग.

सगळे जीव गेले तर सुरुवातीपासून यावं लागतं असं आम्ही शाळा संपेपर्यंत समजत होतो. पहिल्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं तर ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच्या पहिल्या स्टेजपासून सुरू होतं. हे कळलं तेव्हा मी चाळीशी ओलांडली होती.

सई आता ३-१ ला पोचली आहे. तिथे हातोडे फेकणारी दोन कासवं विटांवर उभी असतात, एक वर, एक खाली. काल रात्री तिचा ताईच्या फोनवरून व्हिडिओ आला, स्लो मोशनमध्ये, अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत. मी मोजलं. १४ चित्रं. टीव्ही निर्दोष आहे.